पाठमोरी शर्यत : दत्तू भोकनळ आणि वल्ह्यांची विद्या

दत्तू बबन भोकनळ हे भारतीय भूदलातील सैनिक, ऑलिंपिकमधील नौकास्पर्धक आणि आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदकाचे मानकरी. त्यांचा जन्म ५ एप्रिल १९९१ रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात, तळेगाव रोही या गावी झाला. २०१६ च्या रिओ दि जानेरो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या एकल नौकास्पर्धेत त्यांनी १३ वा क्रमांक मिळवला. त्या प्रकारात भारताची ती तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत चौघांच्या नौकेत ते सुवर्णपदक विजेते ठरले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. एवढ्या नोंदींवर एखाद्या चरित्रकोशाचे समाधान होईल. परंतु ही कारकीर्द नीट समजून घ्यायची तर आधी एक विसंगती समोर ठेवावी लागते. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्यातील तरुण पाण्यावरच्या शर्यतीत जगातील पहिल्या पंधरांत पोहोचला, आणि सुरुवातीला त्याला पाण्याचीच भीती वाटत होती.

चांदवड हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. रेणुकादेवीचे मंदिर आणि अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल यांमुळे ते परिचित आहे. सातमाळ्याच्या डोंगररांगेजवळचा हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी, जमिनीखाली कठीण कातळ, आणि शेतीची सारी भिस्त विहिरीवर. दत्तू यांचे वडील विहिरी खोदण्याच्या कामावर जात. दत्तूही कोवळ्या वयात वडिलांबरोबर त्याच कामाला जाऊ लागले. विहिरीचे खोदकाम म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही. सुरुंगाने फुटलेला दगड हाताने उचलायचा, पाटीत भरायचा, पाय रोवून, कंबरेतून वाकून पुन्हा उभे राहायचे, आणि ही क्रिया दिवसभर त्याच लयीत करायची. २०११ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि घराचा भार त्यांच्यावर आला. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, ते सैन्यात भरती झाले.

हे सारे पांडेसऱ्यात बसून लिहिण्यामागे कारण आहे. सुरतच्या या औद्योगिक वसाहतीत, साड्यांच्या रंगाई-छपाईच्या मिलांत आणि आसपासच्या यंत्रमागांवर काम करणारी हजारो मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक या जिल्ह्यांतून आलेली आहेत. उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग हाच त्यांचा गावाकडचा रस्ता. पाऊस दगा देतो म्हणून गाव सोडण्याची गोष्ट या वस्तीतील घरोघरी ठाऊक आहे. भूगोलाचा धागा तर याहूनही जवळचा आहे. नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, आणि तीच तापी सुरत ओलांडून समुद्राला जाते. त्यामुळे चांदवडच्या या खेळाडूची हकिगत इथल्या वाचकाला परक्या मुलखातली वाटू नये. ती व्यवस्थित मांडली गेली पाहिजे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करू. मराठीत ‘नौकानयन’ हा एकच शब्द निदान तीन वेगवेगळ्या क्रीडाप्रकारांसाठी वापरला जातो आणि त्यामुळे वृत्तपत्रांतही गोंधळ होतो. शिडाच्या नौकांची शर्यत हा पहिला प्रकार. त्यात वारा हे बळ असते. दुसरा प्रकार कयाक आणि कनू या हलक्या होड्यांचा. त्यात वल्हे स्पर्धकाच्या हातात मोकळे असते, ते होडीला कुठेही जोडलेले नसते. त्याला मुक्तवल्हे म्हणता येईल. तिसरा प्रकार म्हणजे रोइंग. त्यात वल्हे होडीच्या बाजूला काढलेल्या चौकटीत, एका फिरत्या कडीत अडकवलेले असते. ते बद्धवल्हे. हा भेद वरवरचा नाही. बद्धवल्हे तरफेसारखे काम करते, म्हणून त्यात पायांचे आणि पाठीचे संपूर्ण बळ वापरता येते. मुक्तवल्ह्यात मुख्य भार धडाच्या पिळावर आणि खांद्यांवर पडतो. कयाकमधील स्पर्धक पुढे तोंड करून बसतो आणि त्याला अंतिम रेषा दिसते. कनूत तो एका गुडघ्यावर टेकून एकाच बाजूने वल्हवतो. रोइंगमधील स्पर्धक मात्र पाठमोरा बसतो. त्याला दिसते ते मागे पडलेले पाणी आणि मागे पडलेले प्रतिस्पर्धी. जो पुढे आहे तो त्याच्या नजरेबाहेर असतो.

बद्धवल्ह्याच्या शर्यतींचेही दोन वर्ग आहेत. एका वर्गात प्रत्येकाच्या हाती एकच लांब वल्हे असते. त्यात जोडी, चौकडी आणि सुकाणूधारकासह आठ जणांची नौका येते. दुसऱ्या वर्गात प्रत्येकाकडे दोन तुलनेने आखूड वल्ही असतात. याला स्कलिंग म्हणतात आणि त्यात एकल, दुकल आणि चौकल असे तीन प्रकार आहेत. भोकनळ हे या दुसऱ्या वर्गातील खेळाडू. त्यांची ऑलिंपिकमधील ओळख एकल नौकेची, सुवर्णपदक चौकल नौकेचे. एकल नौकेला या क्रीडेत वेगळा मान आहे. इतर कोणत्याही नौकेत सहकाऱ्याच्या लयीचा आधार असतो. इथे चुकीत किंवा थकव्यात वाटेकरी कोणी नसतो, आणि दिशा राखण्याचे कामही त्याच दोन हातांना करावे लागते.

एकल नौकेची रचना हा यंत्रशास्त्राचा एक सुंदर नमुना आहे. ती साधारण ८.२ मीटर लांब असते, परंतु तिची रुंदी माणूस जेमतेम बसेल एवढीच. नियमांनुसार तिचे किमान वजन १४ किलो. म्हणजे ज्या माणसाला ती वाहून नेते, त्याच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी ती असते. पूर्वी या नौका देवदाराच्या पातळ फळ्यांच्या बनत, आता कार्बन तंतूंच्या थरांपासून बनतात. आत चाकांवर पुढे-मागे सरकणारी बैठक असते आणि समोर पावले अडकवण्याचे बूट नौकेलाच घट्ट बसवलेले असतात. टोकाला रबराचा छोटा पांढरा गोळा असतो. टक्कर झाल्यास इजा होऊ नये म्हणून तो लावतात, आणि निकाल छायाचित्रावरून ठरवायचा झाल्यास हाच गोळा पाहिला जातो. दोन्ही वल्ही पाण्याला टेकलेली असतात तोवरच ही नौका स्थिर. हात सैल सोडले की ती कलंडते. पोहता न येणाऱ्या, पाण्याला बिचकणाऱ्या माणसाला अशा नौकेत बसवणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

वल्ह्याच्या एका फेऱ्याचे चार भाग पडतात. त्यांना पकड, ओढ, सुटका आणि परती अशी नावे देता येतील. स्पर्धक गुडघे छातीशी आणून पुढे वाकतो आणि पाती पाण्यात रुतवतो, ती पकड. मग पाय सरळ होतात, त्यापाठोपाठ पाठ मागे जाते आणि शेवटी हात छातीशी येतात, ती ओढ. पाती पाण्याबाहेर निघतात, ती सुटका. मग बैठक सावकाश सरकवत पुन्हा पुढे यायचे, ती परती. नवख्याला वाटते की हा दंडांचा खेळ आहे. प्रत्यक्षात सर्वांत मोठा वाटा मांड्यांचा असतो. आधी पाय, मग पाठ, मग हात. हाच क्रम विहिरीच्या तळातून दगड उचलताना शरीर आपोआप पाळते, कारण तो चुकला तर कंबर धरते. भोकनळ यांच्या घडणीत या जुन्या श्रमाचा वाटा मोठा होता, असे मला ठामपणे वाटते. तंत्र पुढे सैन्यात, पुण्यातील प्रशिक्षणात मिळाले, पण त्या तंत्राला लागणारे शरीर तळेगावात तयार झाले होते.

या शर्यतीतील श्रमाचे स्वरूपही समजून घेण्यासारखे आहे. २,००० मीटरचे अंतर एकल नौकेला सुमारे सात मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात दोनशेहून अधिक फेरे मारले जातात. पाण्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट करायचा तर लागणारी शक्ती जवळपास आठपट होते. म्हणून सुरुवातीला वेडाने सुटलेला स्पर्धक शेवटच्या टप्प्यात कोसळतो, आणि अनुभवी स्पर्धक चारही पाचशे मीटर शक्य तितक्या सारख्या वेळात काढतो. या सात मिनिटांतील बहुतेक ऊर्जा श्वासातून मिळालेल्या प्राणवायूच्या बळावर निर्माण होते. प्रारंभ आणि शेवट मात्र स्नायूंना साठ्यातील बळावर काढावे लागतात. दम आणि बळ अशी दोन्ही टोके एकाच शरीरात असावी लागतात, आणि त्यात उंचीची भर पडली तर ओढ लांब होते. उंच बांध्याच्या मुलांचा शोध घेणे हे या क्रीडेच्या निवडीचे पहिले सूत्र म्हणूनच ठरले आहे.

या क्रीडेचा उगम व्यवसायात आहे. लंडनमध्ये टेम्स नदीवर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या नावाड्यांच्या शर्यतींतून ती वाढली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत १८२९ मध्ये झाली आणि हेन्लीचा वार्षिक मेळावा १८३९ मध्ये सुरू झाला. आंतरराष्ट्रीय महासंघ १८९२ मध्ये स्थापन झाला. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये वादळी हवेमुळे या शर्यती रद्द कराव्या लागल्या. १९०० पासून त्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहेत. महिलांना मात्र १९७६ पर्यंत वाट पाहावी लागली. भारतात ही विद्या इंग्रजांबरोबर आली. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा आणि पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. हे क्लब दीर्घकाळ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि नंतर सुखवस्तू भारतीयांच्या करमणुकीची ठिकाणे राहिले. भारतीय रोइंग महासंघ १९७६ मध्ये स्थापन झाला. या खेळाची सूत्रे बंगल्यांच्या हिरवळीवरून बराकींकडे सरकली ती त्यानंतरच्या काळात.

भारताने ऑलिंपिकमध्ये प्रथम रोइंगपटू पाठवले ते २००० मध्ये, सिडनीला. कासम खान आणि इंदरपाल सिंग यांची ती जोडी होती. एकल नौकेत २००४ साली अथेन्सला पॉलोस पांदारी कुन्नेल, २००८ साली बीजिंगला बजरंगलाल ताखर आणि २०१२ साली लंडनला स्वर्ण सिंग गेले. यांपैकी ताखर यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडास्पर्धांत एकल नौकेचे सुवर्णपदक जिंकले. आशियाई क्रीडास्पर्धांत या क्रीडेतील भारताचे ते पहिले सुवर्ण. स्वर्ण सिंग लंडनमध्ये १६ वे आले. या परंपरेचा कणा सैन्य आहे. राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि महाराष्ट्राच्या कोरड्या भागांतून भरती होऊन आलेली शेतकऱ्यांची मुले, ज्यांच्या गावी कधी नाव दिसली नाही, तीच या क्रीडेत देशाचे प्रतिनिधित्व करत आली.

पुण्याजवळ दापोडीला सैन्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच्या आवारात शर्यतीचा जलमार्ग आहे आणि आर्मी रोइंग नोड हे प्रशिक्षण केंद्रही. नव्याने भरती झालेल्या जवानांतून उंच, रुंद खांद्यांचे आणि दमदार तरुण हेरून त्यांना येथे आणले जाते. भोकनळ यांना या क्रीडेकडे वळवण्याचे श्रेय प्रशिक्षक कुदरत अली यांना दिले जाते. आधी कोरड्या जमिनीवर, वल्हवण्याच्या यंत्रावर सराव होतो. त्या यंत्रावर पंख्याच्या चाकाला साखळीने ओढ द्यावी लागते आणि समोरच्या पडद्यावर अंतर व वेळ उमटतात. यंत्र बुडत नाही, त्यामुळे तिथे भीतीला जागा नसते. खरी परीक्षा पाण्यात उतरल्यावर होते. नौका कलंडणार, माणूस भिजणार, पुन्हा चढून बसणार. ही भीती त्यांनी सरावाने घालवली, आणि ज्या वेगाने ते पुढे सरकले तो पाहता ती फार काळ टिकली नसावी. २०१५ साली बीजिंगमध्ये झालेल्या आशियाई रोइंग स्पर्धेत त्यांनी एकल नौकेत रौप्यपदक मिळवले. सैन्यात भरती होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती.

एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे आशिया आणि ओशनिया विभागाची ऑलिंपिक पात्रता शर्यत झाली. भोकनळ यांनी ७ मिनिटे ७.६३ सेकंद अशी वेळ नोंदवून दुसरा क्रमांक मिळवला आणि रिओचे तिकीट निश्चित केले. त्या ऑलिंपिकमध्ये रोइंगसाठी पात्र ठरलेले ते एकमेव भारतीय होते. त्याच सुमारास घरी संकट आले होते. अपघातात आईच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि ती मुलालाही ओळखेनाशी झाली. वडील आधीच गेलेले, आई अशा अवस्थेत, आणि मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आयुष्यातील सर्वांत मोठ्या शर्यतीसाठी निघालेला. या प्रसंगावर अलंकार चढवण्याची गरज नाही. त्याने जाऊन शर्यत पूर्ण केली, आणि उत्तम रीतीने पूर्ण केली.

रिओची शर्यत लागोआ रॉद्रिगो दी फ्रेतास या, शहराच्या मध्यभागी असलेल्या सरोवरावर झाली. पुरुष एकलमध्ये ३२ स्पर्धक होते. येथे स्पर्धेची पद्धत समजून घ्यायला हवी, नाहीतर ‘१३ वा’ या शब्दाचे वजन कळत नाही. प्राथमिक फेरीतून पहिले तिघे उपउपांत्य फेरीत जातात, उरलेल्यांना पुनर्संधीची फेरी मिळते. उपउपांत्य फेरीतील पहिले तिघे पदकाच्या वाटेवर, बाकीचे खालच्या उपांत्य फेऱ्यांत. मग सहा-सहा जणांच्या अंतिम शर्यती होतात. ‘अ’ शर्यतीतून पहिले ते सहावे क्रमांक ठरतात, ‘ब’ मधून सातवा ते बारावा, ‘क’ मधून तेरावा ते अठरावा, आणि असेच पुढे. पराभूत स्पर्धकालाही शेवटपर्यंत वल्हवावे लागते. कोणाचाही क्रमांक अंदाजाने लावला जात नाही, प्रत्येकाला तो पाण्यावर मिळवावा लागतो. मला ही पद्धत अतिशय न्याय्य वाटते.

६ ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत भोकनळ तिसरे आले. वेळ ७ मिनिटे २१.६७ सेकंद. क्यूबाचा आंखेल फोर्निएर आणि मेक्सिकोचा हुआन कार्लोस काब्रेरा त्यांच्या पुढे होते. उपउपांत्य फेरीत त्यांनी ६ मिनिटे ५९.८९ सेकंद अशी वेळ दिली, पण चौथे आल्याने पदकाची वाट तिथेच संपली. खालच्या उपांत्य फेरीत ते दुसरे आले आणि १३ ऑगस्टला ‘क’ अंतिम शर्यतीत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. वेळ ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. त्या ऑलिंपिकमधील त्यांच्या चार शर्यतींपैकी हीच सर्वांत जलद होती. पदकाची आशा मावळल्यावरची शर्यत सर्वांत वेगवान ठरावी, याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. त्याच दिवशी त्याच पाण्यावर ‘अ’ शर्यतीत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्तिन यांची नोंदलेली वेळ तंतोतंत सारखी होती, ६ मिनिटे ४१.३४ सेकंद. छायाचित्रात ड्रायस्डेलच्या नौकेचे टोक किंचित पुढे दिसले आणि सुवर्ण त्याला मिळाले. त्या सुवर्णापासून भोकनळ साडेतेरा सेकंदांवर होते.

वेळांची तुलना करताना सावधगिरी हवी. धावण्याच्या शर्यतीत जसे विश्वविक्रम असतात तसे या क्रीडेत मानले जात नाहीत. ‘जागतिक सर्वोत्तम वेळ’ एवढीच नोंद ठेवली जाते. वारा पाठीशी असेल तर नौका उडत जाते आणि समोरून आला तर तीच नौका अर्ध्या मिनिटाने मागे पडते. पाण्याचे तापमान आणि खोली यांचाही परिणाम होतो. २०१७ मध्ये पोलंडमधील पॉझनान येथे न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सनने एकल नौकेत ६ मिनिटे ३०.७४ सेकंद अशी वेळ दिली, ती अनुकूल हवेत. भोकनळ यांच्या रिओतील पहिल्या आणि शेवटच्या शर्यतीच्या वेळांत जवळपास २७ सेकंदांचे अंतर आहे. त्यातील वाऱ्याचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही. म्हणून या क्रीडेत क्रमांक हेच खरे परिमाण.

येथे जगातील एका मोठ्या परंपरेचे स्मरण करणे उचित होईल. सोव्हिएत संघ ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला तो १९५२ साली हेलसिंकीला, आणि त्याच वेळी एकल नौकेचे सुवर्ण युरी त्युकालोव याने जिंकले. लेनिनग्राडच्या वेढ्यात होरपळलेला हा मुलगा होता. त्याच्या नंतर व्याचेस्लाव इव्हानोव याने १९५६, १९६० आणि १९६४ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये एकल नौकेचे सुवर्ण मिळवले. १९५६ मध्ये अठरा वर्षांच्या इव्हानोवने आनंदाच्या भरात पदक हवेत उडवले, ते ऑस्ट्रेलियातील वेंदूरी सरोवरात पडले आणि बुड्या मारूनही सापडले नाही. त्याला नंतर दुसरे पदक देण्यात आले. मुक्तवल्ह्याच्या क्षेत्रात ल्युदमिला पिनायेवा हिने १९६४ आणि १९६८ मध्ये ५०० मीटरची एकल कयाक शर्यत जिंकली आणि १९७२ मध्ये दुकल कयाकमध्ये तिसरे सुवर्ण मिळवले. मिन्स्कचा व्लादिमिर पार्फेनोविच तर १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये एकाच वेळी तीन सुवर्णे जिंकून गेला. एक एकलचे, आणि सेर्गेई चुखराय याच्यासह दुकलची दोन. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णे मिळवणारा तो पहिला कयाकपटू.

या विजेत्यांमागे सैन्य, कारखाने आणि कामगार संघटना यांच्या क्रीडासंस्थांचे जाळे होते. खेळाडूला रोजीरोटीची चिंता नसे, प्रशिक्षक आणि नौका संस्था पुरवी, आणि निवड लहान वयात होई. भारतात या जाळ्याचा जो छोटासा अंश आढळतो तो सैन्यात. फरक एवढाच की आपल्याकडे निवड विशीनंतर होते. भोकनळ यांनी वल्ही हाती घेतली तेव्हा ते २१ वर्षांचे होते, आणि त्या वयात इव्हानोवचे पहिले सुवर्ण जुने झाले होते. १३ वा क्रमांक या संदर्भात वाचला पाहिजे. मुक्तवल्ह्याच्या शर्यतींत भारताची वाट तर आणखी बिकट राहिली. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धांत कनूच्या दुकलीला कांस्य मिळाले होते. त्यानंतरचे पदक यायला २०२३ उजाडावे लागले, जेव्हा हांगझूला अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी पुन्हा दुकल कनूचेच कांस्य आणले.

२०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धा इंडोनेशियात झाल्या आणि रोइंगच्या शर्यती पालेम्बांगच्या जकाबारिंग येथे. भोकनळ एकल आणि चौकल अशा दोन्ही प्रकारांत उतरले. एकलमध्ये त्यांच्याकडून पदकाची मोठी अपेक्षा होती. तापाने अंग फणफणत असताना ते अंतिम शर्यतीत उतरले, वाटेत शक्ती संपली आणि ते शेवटच्या क्रमांकावर राहिले. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौकलची अंतिम शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ असे ते चौघे. स्वर्ण सिंग हे तेच, ज्यांचा लंडनमधील १६ वा क्रमांक भोकनळ यांनी रिओत मागे टाकला होता. आता दोघे एकाच नौकेत पुढे-मागे बसले होते. या चौघांनी ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत शर्यत जिंकली. इंडोनेशिया दुसरा, थायलंड तिसरा. आशियाई क्रीडास्पर्धांत रोइंगमधील भारताचे हे दुसरे सुवर्ण. त्याच सकाळी दुष्यंत चौहान यांनी हलक्या वजनाच्या एकलमध्ये, आणि रोहित कुमार व भगवान सिंग यांनी हलक्या वजनाच्या दुकलमध्ये कांस्यपदके मिळवली.

चौकल नौकेत एकाचा ताप चौघांना भोवतो. सर्वांची पाती एकाच क्षणी पाण्यात रुतली पाहिजेत आणि एकाच क्षणी बाहेर आली पाहिजेत. एकाची ओढ कमी पडली तर नौका तिरकी धावते. आदल्या दिवशी कोसळलेल्या माणसाला संघात कायम ठेवण्याचा निर्णय आणि त्याने तो सार्थ करणे, या दोन्ही गोष्टी धैर्याच्या होत्या. रिओच्या १३ व्या क्रमांकापेक्षा पालेम्बांगचे ते चोवीस तास या कारकिर्दीचे शिखर आहेत, असे मी मानतो.

एकलच्या त्याच अंतिम शर्यतीचे पडसाद पुढे उमटले. शर्यत अर्ध्यावर सोडल्याच्या आरोपावरून भारतीय रोइंग महासंघाने २०१९ मध्ये भोकनळ यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती मागे घेण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षीचा राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार सोहळा दृक्‌श्राव्य माध्यमातून पार पडला.

टोकियो ऑलिंपिकला भारताकडून अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग ही हलक्या वजनाची दुकल गेली आणि ११ वी आली. २०२४ मध्ये पॅरिसला बलराज पंवार एकल नौकेत उतरले, तेही सैनिकच. त्यांचा क्रमांक २३ वा लागला. पुरुष एकलमध्ये ऑलिंपिकच्या पाण्यावर भारतीयाने मिळवलेला सर्वोत्तम क्रमांक तेव्हाही तेरावाच राहिला. पॅरिसनंतर हलक्या वजनाचे प्रकार ऑलिंपिकमधून वगळले गेले आणि त्यांच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरच्या शर्यती आल्या. हा बदल आशियाई देशांना जाचक आहे, कारण सरासरी बांध्याच्या खेळाडूंना तेथेच वाव होता. २०२८ साली लॉस एंजेलिसला जागेअभावी शर्यतीचे अंतरही २,००० ऐवजी १,५०० मीटर असेल. कमी अंतरात प्रारंभाच्या झपाट्याला अधिक महत्त्व येईल.

शेवटी पुन्हा इथल्या पाण्याकडे. सुरतेत सिंगणपोरच्या बंधाऱ्यामुळे तापीचे पाणी वरच्या अंगाला साचून राहते. सकाळी वारा उठण्याआधी तिथे गेले तर ते काचेसारखे सपाट दिसते. वल्हवणाऱ्याला हवे असते ते असेच पाणी.